चटईचा अर्थ सांगावा का?

मुलाच्या हाती काम देताना त्यामागचे तत्त्वज्ञानही त्याच्या कानी घालावे का? घोटीव कागदाच्या चटईपुरता हा प्रश्न जुना आहे. जर्मनीत १८३७ साली बाड ब्लांकनबुर्गला बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी कागद विणण्याला आपल्या पद्धतीत मानाचे स्थान दिले. ते लुथेरन पाद्र्याचे पुत्र. अवघ्या सृष्टीत एकच ईश्वरी नियम नांदतो आणि विरोधी वाटणाऱ्या गोष्टींचा त्यात मेळ बसतो, ही त्यांची श्रद्धा; मुलांच्या हातचे काम त्यांच्या लेखी तिचेच प्रतीक. तरीही प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्यांच्या बालोद्यानांवर नास्तिकतेचा ठपका ठेवून बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल १८५२ मध्येच वारले होते.

सरकारचा आरोप खोटा होता, पण त्या चटईत देवाचे नाव नव्हते हे खरेच, आणि माझ्या मते तेच योग्य होते. पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी फ्रोबेलच्या प्रतीकांवर टीका केली, की मोठ्यांचे तत्त्वज्ञान ती मुलांवर लादतात. ही टीका मला मान्य आहे. पाच वर्षांच्या मुलाला विश्वाचे ऐक्य समजावू गेले, तर ते फक्त मान डोलावेल.

मग अर्थ वगळला की उरते ते निव्वळ यांत्रिक काम, असे कोणी म्हणेल. ते पटत नाही. कागद दुमडून, कडेला बोटभर जागा सोडून चिरा पाडलेल्या असतात. पहिली तांबडी पट्टी त्या चिरांतून एक वर, एक खाली अशी जाते. दुसरी खालून सुरू व्हायला हवी. मूल विसरते, तेव्हा दोन तांबडे चौकोन एकाखाली एक येतात. कोणी रागावत नाही. मूल थबकते, पट्टी ओढून काढते, पुन्हा घालते. चूक कागदानेच दाखवलेली असते, म्हणून दुरुस्तीत भीती नसते. सत्य कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, हा अनुभव कोणत्याही धर्मशिक्षणाच्या मुळाशी असायला हवा. प्रार्थना पाठ करून तो येत नाही.

नियमाने कल्पकता मरते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. नमुना समोर ठेवून तीच चटई वर्षभर करवली, तर मरतेच. पण नियम हाती आलेले मूल दोन वर, एक खाली करत दर ओळीत एक घर सरकून पाहते आणि तिरकी नक्षी उमटते. ती त्याला कोणी सांगितलेली नसते.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे: प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलांच्या चटया उसवून सरळ करू नका. चुकलेली असेल तर चुकलेलीच भिंतीवर लावा.