डोळे आणि जीभ

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे डोळे परवा इतके उदास दिसले, की मी मोबाईलवर तीन फोटो काढले. घरी येऊन फोटो मोठा केला, तेव्हा कळलं, त्याचं पाण्याचं भांडं कोरडं होतं.

2019 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आतली भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यात ठळक असतो, लांडग्यात जवळजवळ नसतो. ही नजर माणसाच्या सोबतीत घडली, असं त्यांचं म्हणणं. मग ती उदासी त्याची, की माझी?

बुखारी शरीफमधल्या हदीसमधला वाटसरू या वादात पडलाच नाही. तिथं डोळ्यांचा उल्लेख नाही. तहानेनं माती चाटणारी जीभ आहे. तो विहिरीत उतरला, मोज्यात पाणी भरून, मोजा दातात धरून वर आला. कोंढव्यातल्या माझ्या वर्गात मी ही गोष्ट दरसाल सांगते.

भांडं भरायला मी पुन्हा जिना उतरले.