माशांचा उन्हाळा

मे महिन्यात आमच्या पुण्याच्या घरातल्या चारशे लिटरच्या फिशटँकचं पाणी ३१ अंशांवर गेलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन आ वासू लागले, आतली हिरवळ पिवळी पडली. दुकानदार म्हणाला, "साहेब, चिलर घ्या." किंमत ऐकून मीही आ वासला.

चिलर म्हणजे फ्रिजचाच भाऊ. पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. आम्ही कॉमर्सची माणसं. एकीकडे जमा, तर दुसरीकडे नावे! पाणी थंड झालं, तर तापणार कोण? टँकशेजारी आईची खाट. मासे आणले मी. त्यांचं देणं मी लागतो. ते आईच्या खात्यातून का फेडायचं?

शेवटी झाकण काढून पाण्यावर पंखा सोडला. एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर हिशेबाने टँकचा पारा दीडेक अंश उतरतो. वाफ खिडकीबाहेर, तुटीची बादली रोज मी ओततो. पंखा कुठला? माझ्याच उशाचा. खातं चोख जुळलं!

रात्री अंधारात सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, हौस तुमची. मी का उकडून निघायचं?"

वीस वर्षं बँकेत काढूनही एक नोंद राहिलीच.