रविवारचा खाडा

औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेवमुळे ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात कॅथलिक मूठभरच. 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. पवित्र दिवस कसा पाळावा, हे 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेत स्पष्ट आहे: रविवारी आणि बंधनकारक सणांना मिस्साला हजर राहावे, शिवाय भक्तीच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या आणि देहमनाच्या विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळावीत. यातला पहिला अर्धा भाग प्रवचनातून सतत ऐकू येतो. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

नाताळला सरकारी सुट्टी असते. मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण 15 ऑगस्टला, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनी येतो. पण सुट्टी कोणाला? वसमतकडे हळद काढून शिजवायला घेतली की मजुराला वार उरत नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा एक दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापतात. कारखान्याच्या आत काम करणाऱ्याला 1948 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी दिली. त्याच कारखान्यासाठी फडात कोयता चालवणारा त्या कायद्याबाहेर राहिला.

ही फट जुनी आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, तेव्हा शेतीला सूट दिली होती. पेरणीची वेळ हुकू नये, हे कारण कुणाही शेतकऱ्याला पटेल. मात्र ती सवलत धन्याच्या सोयीची. गड्याला कोणी विचारले नसावे. त्याआधी कितीतरी शतके लिहिलेल्या, बायबलमधल्या अनुवाद ग्रंथातली शब्बाथाची आज्ञा अधिक थेट आहे: तुझ्या दासदासींनी आणि बैलानेही त्या दिवशी विसावा घ्यावा. बैलाचे आपल्याकडे कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे मळतात, पोळ्याला त्याला कोणी जुंपत नाही. सालगड्याचा असा दिवस कोणता?

मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, असाही त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेराव्यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा कैवार घेतला. मराठी कॅथलिकांनी लोखंड्यांचे हे ऋण उघडपणे मानायला हवे. धर्माचा दिवस हक्काची सुट्टी कसा होतो, ते त्यांनी दाखवले.

पोटासाठी राबणाऱ्याला मिस्सा चुकल्याचा दोष लागत नाही, असे धर्मगुरू सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण या माफीने त्याची पाठ मोकळी होत नाही. इतरांच्या रविवारच्या आड येईल असे काम त्यांच्याकडून विनाकारण मागू नये, असे कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ बजावतो. हे बंधन मागणाऱ्यावर आहे. म्हणून ज्या कॅथलिक घरांत, शेतांत, शाळांत वा दवाखान्यांत रोजंदारीवर माणसे राबतात, तिथे आठवड्याचा एक दिवस मजुरीसकट सुट्टी द्यावी, मजूर कुठल्याही धर्माचा असो. येत्या हळदीच्या हंगामापासून सुरुवात करता येईल.