चोरी कोणी केली?

पंचशीलातील दुसरे शील आपण विहारात नेहमी म्हणतो. जे कोणी दिलेले नाही ते घेणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पाचांपैकी हेच शील पाळायला सर्वांत सोपे, असे मला वाटत आले होते. मी शिक्षक आहे. दुसऱ्याच्या पैशाला कधी हात लावला नाही, शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आसगावला जे घडले, त्यानंतर हे शील म्हणताना माझी जीभ अडखळते. ती का अडखळते हे वाचक बंधु-भगिनींसमोर ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आसगाव हे भंडारा जिल्ह्यातले, पवनी तालुक्यातले गाव. माझ्या आजोबांचा जन्म तेथला. ते तरुणपणीच नागपूरला आले, गिरणीत लागले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंच्या समुदायात उभे राहून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. गावाविषयी विचारले की ते म्हणत, "सोडलं ते सोडलं." एवढे बोलून विषय संपवीत. मग नातवाने तेथे मुळे शोधायला का जावे?

कारण साधे आहे. पुतणीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. मी अनुदानित शाळेत खुल्या जागेवर लागलो, त्यामुळे आमच्या घरात तोवर कोणाचीच पडताळणी झाली नव्हती. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून कागदपत्रांचे प्रत्येक काम माझ्याकडेच येते. १९९० साली अनुसूचित जातींच्या तरतुदीत बौद्धांचा समावेश झाला हे खरे. पण पुरावा मागतात तो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. जी जात आजोबांनी टाकून दिली, तीच नातवंडांनी आधी सिद्ध करून दाखवायची! याला गंमत म्हणावे की विटंबना, ते वाचकांनी ठरवावे.

अर्ज आधीच केला होता. पवनीला कोतवाल बुकाची नक्कल हातात पडली. आजोबांच्या जन्माची नोंद, बापाचे नाव, गाव आसगाव, जात महार. ती नक्कल मी पिशवीत ठेवली. पिशवीत आजोबांचा एकुलता एक फोटोही होता, पांढऱ्या सदऱ्यातला, दीक्षेच्या वेळचा. गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवून ओळख पटवावी म्हणून नेला होता. गाडीला वेळ होता, म्हणून जगन्नाथ टेकडीकडे जाऊन आलो. १९६९-७० च्या उत्खननात तेथे प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले. मुळे शोधायची तर ती येथवर खोल जातात, असा विचार करीत टपरीवर चहा घेतला आणि आसगावची गाडी धरली.

आसगावला उतरलो, वस्तीत गेलो. नात्यातले एक काकाजी सापडले. फोटो दाखवावा म्हणून खांद्याकडे हात नेला, तर पिशवी नाही.

गाडीत माझ्या शेजारी सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा बसला होता. मळका सदरा, मांडीवर गाठोडे. गावाच्या अलीकडे नाल्याजवळ भटक्यांची पाले पडली होती, तेथे तो उतरला. मी हे सांगताच एकजण म्हणाला, "मंग गुरुजी, विचारता काय? त्यायचा धंदाच तो आहे." मी काय म्हणावे? मी म्हणालो, "तोच असेल."

हे दोन शब्द माझे आहेत. कोणी ते माझ्या तोंडात घातले नाहीत.

चौघे मोटारसायकलींवर निघाले, एकाच्या मागे मी बसलो. पालापुढे पोराच्या आईने गाठोडे सोडले. दोन भांडी, गोधडी, पिठाची पुडी. एकाने गोधडी झटकून पाहिली. पोरगा हात बांधून उभा होता. तो रडला नाही, भांडलाही नाही. त्याला याची सवय होती, आणि तेच मला आता जास्त छळते. काही सापडले नाही. "आधीच पोचती केली असन," म्हणत आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीच्या कंडक्टरने पिशवी आणून दिली. ती पवनीलाच, टपरीच्या बाकावर राहिली होती. टपरीवाल्या बाईंनी नक्कल वाचून गाव पाहिले आणि गाडीबरोबर पाठवली. कागदावर जात होती, म्हणून वस्ती शोधायला वेळ लागला नाही, असे कंडक्टर सहज बोलून गेला. मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत.

पिशवी मिळाली. पण चोरी झालीच नव्हती, असे म्हणता येईल का? त्या पोराजवळ गाठोड्याखेरीज एकच वस्तू होती, आपण चोर नाही एवढे नाव. ते त्याने मला दिले नव्हते. मी घेतले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे चोर ठरविली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या मुलाचा आजा तेव्हा लहान असेल. आमच्या आजोबांच्या काळी गावात चोरी झाली की माग काढायचा जागल्याने, आणि माग लागला नाही की पहिली बोलणीही त्यालाच. हे ऐकत मी वाढलो. आणि तोच मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून पालावर गेलो! ऐकीव म्हणून काही मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. हा पाठ मी मुलांना दरवर्षी शिकवतो.

महावग्गात तीस तरुणांची कथा आहे. एक स्त्री त्यांच्या वस्तू घेऊन पळाली, ते तिला रानात शोधत होते. तिला शोधणे बरे की स्वतःला शोधणे बरे, असे भगवंतांनी त्यांना विचारले. ते तरुण भिक्खू झाले. त्या स्त्रीचे पुढे काय झाले, याविषयी कथा काही सांगत नाही. पूर्वी मला त्याचे काही वाटत नव्हते. स्वतःला शोधून मी मोकळा होईन, पण ज्याचे नाव गेले त्याचे काय?

म्हणून पालावर गेलो. पोरगा कामाला गेला होता. आईला पिशवी दाखवली, चूक झाली म्हणालो, पाचशे रुपये पुढे केले. तिने नोटेकडे पाहिले नाही.

"सापडली ना? बरं झालं. मले नोका सांगू. काल जे आले होते त्यायले सांगा. नाही तं उद्या कोनाचं काही गेलं का पुन्हा इथंच येतीन."

मी गावात परत आलो. चहाच्या दुकानावर दोघे भेटले. सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. एक गप्प राहिला. दुसरा हसून म्हणाला, "या खेपेले नसन घेतली." मी म्हणालो, "कोणत्याच खेपेला घेतली, हे तुम्हाला कोणी सांगितले?" तो उठून गेला. तिसऱ्याला त्याच्या घरी जाऊन गाठले. चौथा धानाच्या पुंजण्यावर गेला होता, बांध्या दूर होत्या, आणि माझी गाडी अकराची होती. त्याला सांगायचे राहिले आहे.