मरियेचं लुगडं

भाची पणजीहून परतली ती घरी न जाता थेट माझ्या ओट्यावर आली. पिशवी खाली टेकवायच्या आधीच म्हणाली, "मावशी, बापाचं बघून पोट भरत नव्हतं आणि लेकीचं बघवत नव्हतं."

तिथल्या फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या घरात त्रिंदाद बाप-लेकीची चित्रं आहेत, ती बघायला गेली होती. नुसती हौस नव्हती. आमच्या देवळातल्या बाजूच्या वेदीसाठी मरियेचं चित्र काढायचं काम तिला सांगितलंय. (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो, नवख्या वाचकाने गोंधळू नये.) फादर तरुण आहेत, त्यांची अट एकच: मरिया आपल्यातली दिसली पाहिजे, लाल चौकडीच्या लुगड्यातली. कोळशाने आखणी झालीय. पुढे दोन महिने कॅनव्हास तसाच भिंतीला तोंड करून उभा आहे.

"बघवत नव्हतं म्हणजे?" मी विचारलं.

"बापाच्या चित्रात उजेड कुठून येतो ते कळतं गं. खिडकी कुठल्या बाजूला असेल ते सांगता येतं. समोरची बाई बसून बसून अवघडलीय तेही दिसतं. लेकीच्या मरियेवर उजेड कुठूनच पडत नाही. सपाट रंग, भोवतीने रेषा. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण ती बाई कधी कुणाच्या घरात बसलेलीच नाही."

"मरिया कुणाच्या घरात येऊन बसणार, बाय?"

"तेच तर माझं दुखणं आहे."

आंतोनियो झेवियर त्रिंदाद १८७०चे, गोव्यातल्या सांगेचे. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे तिथंच शिकवलं. लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणत. असल्या पदव्यांचा मला कंटाळा आहे, पण अंधारातून चेहरा बाहेर काढायची त्यांची हातोटी बघितली की म्हणणाऱ्यांचं नवल वाटत नाही. १९३५ साली ते गेले. लेक अँजेला १९०९ची. तीही जे. जे.मधलीच. तैलरंगाचा वास घरातच होता, पॅलेट कसं धरायचं ते कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. आणि तरी तिने बापाचा उजेड सोडला. ख्रिस्त आणि मरिया भारतीय वेषात, भारतीय रेषेत उतरवायला घेतले.

"का सोडला असेल?" भाची म्हणाली. "आयता हात मिळालेला. आम्ही तो मिळवायला पाच वर्षं फी भरली."

"त्या वेळी जे. जे.त वारंच तसं होतं. कॅप्टन सॉलोमन प्रमुख होते, भित्तिचित्रांचा वर्ग निघाला होता, अजिंठ्याकडे बघा म्हणत होते."

"वाऱ्याने पोरगी उडत नाही. धुरंधरांची अंबिका कुठे उडाली?"

हे तिने बरोबर काढलं. महादेव विश्वनाथ धुरंधर म्हणजे त्रिंदादांच्याच पिढीतले, जे. जे.तलेच, आणि त्यांचीही लेक चित्रकार. अंबिका १९१२ची, १९३१ साली जे. जे.ची पदविका घेतली. तिने बापाची शैली सोडली नाही. लग्न केलं नाही, आणि बापाची चित्रं आयुष्यभर जपली. अंगणं दोन, घडण एकच. एकीने वारसा सांभाळला, दुसरीने मोडला.

"अंबिकाबाई सुटल्या," भाची म्हणाली.

"सांभाळणं म्हणजे सुटणं वाटतं तुला? आजीला दहा वर्षं सांभाळतेय मी. सांग मला."

ती हसली. आतल्या खोलीत आईच्या जपमाळेचे मणी थांबले होते, म्हणजे ती ऐकत होती. अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो.

"बरं, मोडण्याचं सोड," भाची म्हणाली. "मला दुसरंच खुपतं. अँजेलाने मरियेला साडी नेसवली. ती साडी कुणाची? ही शिकलेली, मुंबईच्या सुखवस्तू गोवेकर घरातली मुलगी. तिच्यासारख्या घरांतून झगेच घालायचे जास्त करून. गोव्यात शेतात राबणाऱ्या ख्रिस्ती बाईच्या अंगावर जे होतं, तेही ते नव्हे. मग मरियेच्या अंगावरची साडी कुठून आली? अजिंठ्याच्या भिंतीवरून. म्हणजे रोमची आयात बंद केली आणि औरंगाबादची सुरू केली!"

"आंजेलो द फोन्सेकाचंही तेच म्हणशील?"

"त्याने निदान सोसलं." फोन्सेका सांतु एस्तेव्हचा, शांतिनिकेतनात शिकून आलेला. साडीतली मरिया गोव्यातल्या लोकांना मानवली नाही, तेव्हा पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहून चित्रं काढत बसला. १९६७ साली वारला. तोवर व्हॅटिकनची दुसरी परिषद होऊन गेली होती, आणि ज्याला आधी नाकं मुरडली तेच आता फादर स्वतः मागायला लागले होते. आमचे फादरही त्याच वाटेवरचे.

मी मराठीची मास्तरीण. मला फिरून फिरून फादर स्टीफन्स आठवतात. "हे बघ, १६१६ साली राशोलला क्रिस्तपुराण छापलं. लिहिणारा इंग्रज, छपाई रोमी लिपीत, पण आत सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. पुराण ऐकायची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच चालीत दिलं. कुणी म्हणालं का, ही ओवी कुणाची? लोकांनी देवळात बसून ऐकली."

"ओवी त्यांच्या तोंडात आधीपासून होती, मावशी. जात्यावर होती. स्टीफन्सने ती आणली नाही, ती होती तिथे जाऊन बसला. माझं तसं आहे का? मी जीन्स घालते. आई सलवार-कमीज घालते. लुगडं नेसणाऱ्या बायका गावात बोटावर मोजण्याइतक्या. आणि त्यांच्यातल्या एकीलाही मरिया लुगड्यात नकोय!"

हे खरं आहे. आखणी बघायला चार म्हाताऱ्या गेल्या होत्या. एकीने डोक्याला हात लावला. म्हणाली, अगो, केळीच्या वाडीत खत ओढताना नेसायचो ते मरियेला कशाला? ज्यांनी लुगडं कधी नेसलं नाही त्यांना मरिया लुगड्यात हवी, आणि ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना निळा झगाच हवा. मला वाटलं होतं फादरांच्या बाजूने बोलावं. त्या दिवसापासून माझी जीभ जड झालीय.

"नाझरेथची बाई इटालियन निळ्या झग्यात तरी कुठे फिरत होती, असं म्हणून टाक," मी म्हणाले.

"ते सगळेच म्हणतात. त्याने म्हाताऱ्यांचं समाधान होत नाही, आणि माझंही नाही."

मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प. ओट्यावरून समोरच्या वाडीतला पंप ऐकू येत होता. भाचीने मोबाइलवर अँजेलाची एक पुढची गोष्ट वाचून दाखवली: नंतरच्या काळात ती साडीही मागे पडली, त्रिकोणांच्या मांडणीतून चित्र रचायला लागली, आणि त्या शैलीला स्वतःच नाव दिलं, त्रिंदादिझम.

"त्रिंदादचा अर्थ ठाऊक आहे ना?"

"त्रैक्य. पवित्र त्रैक्य."

"म्हणजे बापाचा उजेड टाकला, अजिंठ्याची साडी टाकली, आणि शेवटी आडनाव रंगवत बसली. त्रिकोण, त्रिकोण, त्रिकोण." ती थांबली. "मला हे हसण्यासारखं वाटलं होतं तिथे. आता वाटत नाही. तिला एकच वस्तू खात्रीने आपली सापडली असेल."

"रोमहून पदक मिळालं होतं तिला."

"पदकाने काय कळतं? मला तिला एवढंच विचारायचं होतं की पहिल्यांदा साडी काढलीस तेव्हा घरात कुणाला समोर बसवलंस का?"

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "निळाच का?"

आम्ही दचकलो. भाची आत जाऊन तिच्या खाटेवर बसली आणि मोठ्याने, शाळेत सांगावं तसं सांगायला लागली. जुना खरा निळा दगडातून यायचा, लाजवर्द. बदख्शानच्या खाणीतला. तिथून उंटावरून, मग जहाजातून इटलीला. सोन्याच्या भावाने विकायचा. चित्र सांगणारा गिऱ्हाईक करारातच लिहून घ्यायचा, मरियेच्या झग्याला खराच निळा हवा, स्वस्तातला नको.

"मग बरोबरच आहे," आई म्हणाली. "महागाचं दिलं तिला. तू फाटकं देतेस."

"फाटकं नाही आजी, लुगडं."

"कुठलं लुगडं? लुगडी काय एक असतात?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, पस्तीस वर्षं मुलांना नामाची विशेषणं शिकवली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. आखणीतलं लुगडं हे लुगडं होतं, बस. संग्रहालयातल्या पाटीवर लिहावं तसं.

आईने पेटीकडे बोट केलं. लाकडी पेटी, वरच्या कडीला गंज. उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास. वरच्या दोन चादरी, आजोबांचा कोट, त्याखाली जुन्या धोतरात गुंडाळलेलं तिचं लग्नातलं. एवढी वर्षं मीही ते नीट बघितलं नव्हतं. रंग लाल म्हणायचा, पण घडीच्या आत लाल आणि घडीच्या कडेला विटकरी, म्हणजे एकाच कापडात दोन उजेड. भाचीने ते खाटेवर पसरलं आणि चौकडी मोजायला बसली. बोट ठेवून, पुटपुटत, खरोखर मोजायला लागली.

"हे नेसून वाडीत नाही गेले मी कधी," आई म्हणाली. "लग्नाला, मग सणाच्या मिस्साला. आणि मरियेच्या मिरवणुकीला."

पदराजवळ भाचीचं बोट अडलं. तिथे धाग्यांवर एक कडक, पिवळसर टिपका होता. तिने नखाने हलकेच चाचपला. मेण.

"मिरवणुकीत पुढचीची मेणबत्ती माझ्यावर कलली," आई म्हणाली.

भाची खिडकीशी गेली. पडदा सारला. परत येऊन पदर हातात घेऊन उजेडात तिरका धरला, तसा टिपका चकाकला. पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली.

"आजी, हा काढू?"

चित्रात काढू, की लुगड्यावरून काढू, हे तिने सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही.

"काढ," आई म्हणाली. "मला तर साठ वर्षांत निघाला नाही."