टिपणाराचा धर्म

कलेला आश्रय द्यावा, हे मत आपल्याकडे सहसा कोणी नाकारीत नाही. वाद निघतो तो पुढच्या पायरीवर. आश्रय कोणत्या कलेला द्यावा, आणि तो देताना देणाराने आपला हात कोठवर पुढे करावा, ह्याविषयी मतभेद होतात. जी कला जुनी झाली, जिच्यावर ग्रंथ झाले, तिच्या बाबतीत हा प्रश्न फारसा टोचत नाही. परंतु जी कला आज आपल्या दाराबाहेर, आपणास न विचारता जन्मास आली आहे आणि जिची भाषा आपल्या दिवाणखान्यास मानवत नाही, तिच्याविषयी सुशिक्षित गृहस्थाचे कर्तव्य काय, हा खरा नीतीचा प्रश्न होय. अकोला-अमरावतीकडील रॅपगानाच्या निमित्ताने तो येथे विचारात घ्यावयाचा आहे.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात एका भाड्याच्या इमारतीत, कूल हर्क ह्या तरुणाने बहिणीच्या हौसेखातर तबकड्या वाजवून एक नाचाची बैठक केली. त्या बैठकीपासून हिप हॉपचा जन्म मोजण्याचा प्रघात आहे. तालावर शब्द फेकणे, तबकड्या खेळविणे, विशिष्ट ढंगाचा नाच आणि भिंतीवरील चित्राक्षरे अशी त्याची चार अंगे सांगतात. गरीब वस्तीतील मुलांपाशी वाद्ये नव्हती, गुरू नव्हते; दुसऱ्याच्या तबकडीवरचा ठेका आणि स्वतःचे तोंड एवढेच भांडवल होते. मुंबईच्या गल्ल्यांतून ही कला हिंदी-मराठीत रुजली. २०१९ सालच्या 'गली बॉय' चित्रपटाने ती घरोघर पोहोचविली. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा आपले नाव '१०० आरबीएच' असे लिहितो. शंभराचा 'सौ' आणि पुढे 'रभ', अशी ती कोटी आहे. २०२३ साली एमटीव्हीच्या 'हसल' ह्या स्पर्धेतून तो देशभर ऐकला गेला, आणि तेथेही त्याने आपली वऱ्हाडी सोडली नाही.

ही परकी कला, हिच्याशी आपला काय संबंध, असा आक्षेप येतो. त्याला उत्तर देणे अवघड नाही. कलगी-तुऱ्याच्या फडांत सवाल-जबाबांनी प्रतिपक्षास निरुत्तर करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी हातातील खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे डोलविली. शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे तर श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरेच. बाबांनी विचारावे, लोकांनी एका आवाजात उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरातच त्यांनी लोकांना पकडावे. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपली नाममुद्रा घालतो, रॅप गाणाराही आपले नाव गाण्यात गुंफतो. तेव्हा वऱ्हाडचा कान ह्या गाण्यास अगोदरच तयार होता, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु येथे एक सावधगिरी हवी. ह्या मुलांस परंपरेचे प्रमाणपत्र देण्याची घाई आपण करतो, ती पुष्कळदा त्यांच्यासाठी नसते, आपल्याच संकोचाच्या समाधानासाठी असते. आजोबा सापडले म्हणजे नातू सभ्य ठरतो, असा हा न्याय आहे. ज्याला कोणी आजोबा नाही, असे गाणेही ऐकून घेण्याच्या योग्यतेचे असू शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अशा कलेच्या बाबतीत आपणास दोन कामे करता येतात: तिची नोंद ठेवणे आणि तिला साह्य करणे. ही दोन्ही एकाच सद्भावनेतून निघत असल्यामुळे ती एकच आहेत असे वाटते. वस्तुतः त्यांचे धर्म भिन्न आहेत. नोंद ठेवणारा हा साक्षीदार असतो. त्याने निवड करता कामा नये. साह्य करणारा हा आश्रयदाता असतो. त्याला निवड केल्यावाचून गत्यंतर नाही. साक्षीदाराने आपल्या आवडीप्रमाणे साक्ष दिली तर ती खोटी ठरते. आश्रयदात्याने आवडनिवड न ठेवता पैसा वाटला तर तो उधळेपणा ठरतो. लहान गावात ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसावर येऊन पडतात, आणि घोटाळा तेथेच होतो. ज्याला आपण ध्वनिवर्धकाचे भाडे दिले त्याचेच गाणे आपण वहीत अधिक मोठ्या अक्षरांत लिहितो.

साक्षीदाराचा धर्म कोणता, हे शिकावयास वऱ्हाडातील माणसास दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले, प्रसंग कोठे घडला ते स्थळ नोंदले. मूळ प्रत पुढे धामधुमीत हरपली आणि अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. त्या पाठांतही एकाच्या सांगण्यात असे व दुसऱ्याच्या सांगण्यात तसे, हा भेद पुसून न टाकता राखून ठेवला आहे. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवणे, सांगणाराचे नाव सोबत देणे, आणि दोन साक्षी जुळत नसतील तर त्या जुळविण्याचा मोह आवरणे, ही तीन पथ्ये त्या एका ग्रंथाने घालून दिली आहेत. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याने ही पथ्ये आजच्या बोलत्या वऱ्हाडास लावली, तर म्हाइंभटाचे ऋण काही अंशी फिटेल.

कोणी म्हणेल, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, सगळेच टिपले जाते. मग निराळ्या नोंदीचे प्रयोजन काय? परंतु ढीग म्हणजे नोंद नव्हे. चित्रफीत राहते, पण ती कोठे घेतली, ठेका कोणी रचला, समोर कोण बसले होते आणि कोणत्या गोष्टीवर हशा पिकला, हे तिच्याबरोबर राहत नाही. यंत्र हरवते, खाते बंद पडते, आणि वीस वर्षांच्या मुलाचे पहिले गाणे त्याच्या चाळिशीपूर्वीच नाहीसे होते. गाडगेबाबांचे १९५६ सालचे वांद्र्याचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून त्यांचा आवाज आज ऐकावयास मिळतो. त्यापूर्वी उभ्या आयुष्यात त्यांनी केलेल्या कीर्तनांचे काय झाले? जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, सोपानदेव व आचार्य अत्रे ह्यांच्यामुळे त्या छापल्या गेल्या. हा योगायोग होता. शेजारच्या जात्यावरच्या बाईचा मुलगा कवी नव्हता, एवढाच काय तो फरक.

दुसरे पथ्य भाषेचे. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. ह्या पाहणीत ठिकठिकाणच्या लोकांकडून बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट त्यांच्या बोलीत सांगवून घेण्याची पद्धत होती. तुलनेच्या दृष्टीने ती सोयीची होती, आणि तिने मोठे कामही झाले. तरी गोष्ट सांगणाराची नव्हती, विचारणाराची होती. आजही मुलाखत घेणारा आपल्या मनातील गोष्ट गाणाराच्या तोंडून वदवून घेतो: शेतकऱ्याची आत्महत्या, कापसाचा भाव, दारिद्र्य. वऱ्हाडच्या मुलाने दुःखच गावे, असा जणू दंडक झाला आहे. त्याला स्वतःच्या बुटांविषयी, फुशारकीविषयी, प्रेमाविषयी गावेसे वाटले तर तीही साक्षच आहे. तसेच शब्दांचे. 'होय' च्या जागी त्याने 'हाव' म्हटले तर 'हाव' च लिहावे. शिवी दिली तर ती गाळू नये. छापताना संकोच वाटेल तेथे गाळले आहे असे स्पष्ट सांगावे. मुकाट्याने सोज्ज्वळ करणे ही खोटी साक्ष होय.

तिसरे पथ्य नावाचे व पैशाचे. ॲकवर्थ व शाळिग्राम ह्यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांचे उपकार मोठे. पण आज आपणास संग्राहक आठवतात, ज्यांच्या मुखी पोवाडे टिकले ते गोंधळी आठवत नाहीत. हिप हॉपच्या इतिहासात ह्याहून बोचरे उदाहरण आहे. १९७९ साली ज्या तबकडीने हे गाणे जगास परिचित केले, तिच्यातील एका गायकाने ग्रँडमास्टर कॅझ ह्या दुसऱ्याच गायकाच्या वहीतील ओळी वापरल्या. इतक्या बेफिकिरीने, की मूळ मालकाचे टोपणनाव अक्षरा-अक्षराने फोडून सांगणारी ओळही त्यात तशीच राहिली! धनी मात्र पैशास व श्रेयास मुकला. नाममुद्रा असूनही चोरी होते, ती नोंद नसल्यामुळे. आपल्याकडे २०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कायद्याने राखला आहे. परंतु अमुक ओळ अमुक दिवशी अमुक मुलाने रचली हे सांगणारा कागदच नसेल, तर कायदा कोणाच्या बाजूने उभा राहणार? म्हणून टिपणाराने परवानगी विचारावी, प्रत गाणाराच्या हाती द्यावी, आणि त्या टिपणातून कधी चार पैसे निघाले तर त्यात त्याचा वाटा अगोदर ठरवावा.

येथे सत्याच्या धर्मास एक मर्यादा येते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन मराठी रॅप गाणाऱ्यांवर राजकीय गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. ज्या गावात सत्तेवर बोट ठेवणाऱ्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो, तेथे आपली प्रामाणिक वही उद्या पुरावा म्हणून मांडली जाणे अशक्य नाही. अशा वेळी काय लिहावे आणि काय कुलुपात ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला तुरुंग दिसतो त्याचा आहे. ज्याला लेख दिसतो त्याचा नव्हे. खोटे लिहू नये, हे बंधन टिपणारावर आहे. सगळे आजच छापावे, असे बंधन त्याच्यावर कोणी घातलेले नाही.

आता आश्रयदात्याचा धर्म. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, आणि पुढे ती उठली ती सुधारणेच्या अटी घेऊन. हेतू वाईट नव्हता. परंतु सुधारणेची व्याख्या फडाबाहेरच्या माणसांनी केली, आणि ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना ती पाळावी लागली. साह्य करणाराने हे नित्य ध्यानात ठेवावे. मुलांस जे खरोखर लागते ते साधे आहे: संध्याकाळी दोन तास बसावयास जागा, बरा ध्वनिवर्धक, मुद्रणाचा खर्च, आणि पोलिसांची परवानगी काढताना बरोबर येणारे एखादे वडीलधारे माणूस. अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहासारख्या जागेची एक संध्याकाळ, किंवा बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या संस्थेच्या कपाटातील एक खण, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. साह्य द्यावे ते जागेस व साधनास. शब्दांस देऊ नये. शब्दांस पैसा लावला की शब्द पैशाकडे पाहू लागतात.

राहता राहिला सर्वांत कठीण प्रसंग. गाण्यात स्त्रियांची निंदा असेल, एखाद्या जातीचा उपहास असेल, तर? येथेच वरील दोन धर्मांचा भेद उपयोगी पडतो. साक्षीदार म्हणून ते गाणे मी जसेच्या तसे नोंदवीन. कारण उद्याच्या वाचकास आमच्या काळाचे दोष कळण्याचा अधिकार आहे. आश्रयदाता म्हणून त्याच्यासाठी मी सभागृहाचे भाडे भरणार नाही, आणि का भरणार नाही ते गाणाराच्या तोंडावर, माझ्या नावानिशी सांगेन. नोंदीत निवड नाही, साह्यात बळजबरी नाही, आणि टीका करताना आड लपणे नाही, एवढे पाळले तर दोन्ही कामे एका माणसासही करता येतील. साक्षीदाराने आणखी एक गोष्ट पाहावी: बैठकीत कोण आले नाही. मुली थोड्या दिसतात. त्या का येत नाहीत हे विचारून लिहिणे हाही साक्षीचाच भाग आहे, आणि त्यांना येता येईल अशी वेळ व जागा ठरविणे हे आश्रयाचे पहिले काम आहे.

ह्या गाण्यातील किती टिकेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. बरेचसे टिकणारही नाही. परंतु टिकण्याची योग्यता ठरविण्याचे काम आपल्यावर सोपविलेले नाही. ते काळ करील. आपले काम एवढेच, की काळाला निवड करता यावी म्हणून त्याच्यापुढे खरा माल, खऱ्या नावांसह, शाबूत ठेवावा. आणि ज्यांचा तो माल आहे त्यांच्या डोक्यावर, ते तरुण आहेत तोवर, थोडे छप्पर असावे.