धंदा करणाऱ्यास शाळा कशाला?

नागपुराहून हिंगण्यास जाताना औद्योगिक वसाहत लागते. तेथे ट्रॅक्टर तयार होतात. जवळच वानाडोंगरीस १९८४ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणच्या खेडुत बापास वाटते की, मुलास पुढे स्वतःचा धंदाच करावयाचा आहे, तर इतकी वर्षे शाळेत का घालवावी? लेथवर उभा केला तर आजच चार पैसे घरी आणील.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. मुलाची वर्षे ही बापाची मालमत्ता नव्हे. पण घरातील उपाशी पोट हेही खोटे नव्हे.

लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) ह्यांचे उदाहरण पाहा. चित्रकला शिकण्यास ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाही असे आढळले, तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास केला. हीच विद्या त्यांस जन्मभर पुरली. जी वस्तू अद्याप घडलीच नाही तिचे माप कागदावर धरणे, दूरदेशीच्या यंत्राचे चित्र पाहून त्याचा सांधा ओळखणे, हे नुसत्या हातोडीने साधत नाही. मात्र नांगर विकण्याच्या कामी ती विद्या अपुरी पडली. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर करण्यास धीर लागला, व त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. ह्याचे वर्ग कोणत्या शाळेत भरतात, हे आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा प्रमाणपत्र मिळाले की गिऱ्हाईक आपोआप येईल, असे मुलांस सांगणे म्हणजे त्यांस फसविणे होय. परंतु निरक्षर कारागिराची गोष्ट याहून वाईट. कर्जाच्या कागदावर अंगठा उठविताना व्याज किती, तारण काय, हे त्यास दुसऱ्याच्या तोंडून कळते. धंदा त्याचा, किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस!

जोतीराव फुले ह्यांनाही वडिलांनी एकदा शाळेतून काढून शेतीच्या कामास लाविले होते. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. पुढे ते कंत्राटदारही झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी कोणी मुलगा शाळा सोडू पाहत असेल, तर त्याच्या घरी जाऊन नुसता उपदेश करू नका. वह्यापुस्तकांचा खर्च कोण सोसील, आणि सुट्टीच्या दिवशी धंदा कोणापाशी पाहावयास मिळेल, हे आधी ठरवून मग जा.